गाण्यातील कॉर्ड प्रोग्रेशन कानाने कसे ओळखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गिटार वाजवायला लागून दोन-तीन वर्षे झाली आहेत, मेजर आणि मायनर स्केल पाठ आहेत, सरावाच्या ॲपमध्ये एखादी सुटी कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) वाजली तर ती मेजर की मायनर हे बहुतेक वेळा बरोबर सांगता येते, पण प्रत्यक्ष गाणे सुरू झाले की कॉर्ड कुठून कुठे गेली, म्हणजेच तिचे प्रोग्रेशन काय, याचा पत्ता लागत नाही आणि अखेर कोणीतरी लिहून ठेवलेल्या कॉर्ड्स शोधाव्या लागतात. यात सराव कमी पडतो आहे की पद्धत चुकते आहे?

माझ्या मते पद्धत चुकते आहे. सुटी कॉर्ड ऐकताना कान केवळ तिचा पोत तपासत असतो. गाण्यात त्या पोताला फारसे महत्त्व उरत नाही. तिथे कॉर्डला अर्थ येतो तो गाण्याच्या षड्जाशी असलेल्या तिच्या नात्यामुळे. जी मेजर ही एकच कॉर्ड घ्या. सी मेजरच्या पट्टीत ती पाचवी असते, डी मेजरच्या पट्टीत चौथी आणि जी मेजरच्या पट्टीत पहिली. तिन्ही ठिकाणी वाजतात ते जी, बी आणि डी हेच तीन स्वर, पण पहिल्या ठिकाणी ती घरी परतायची घाई करते, दुसऱ्या ठिकाणी घरापासून थोडी बाजूला जाऊन निवांत उभी राहते आणि तिसऱ्या ठिकाणी मुक्कामालाच पोहोचलेली असते. कानाने ओळखायची ती ही जागा. कॉर्डचे नाव त्यानंतर, आणि तेही वाद्य हातात घेतल्यावर काही सेकंदांत कळते.

म्हणून पहिले काम म्हणजे सा शोधणे. गाणे वाटेल तिथे थांबवा आणि जो स्वर गुणगुणला असता गाणे संपल्यासारखे वाटेल, तो गुणगुणा. यासाठी वाद्य हातात घेऊ नका. स्वर घशातून आला पाहिजे. पहिली कॉर्ड म्हणजेच सा असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण चौथ्या किंवा सहाव्या कॉर्डवर सुरू होणारी गाणी असंख्य आहेत. चालीचा पहिला स्वरही भरवशाचा नसतो. कडव्याची शेवटची ओळ जिथे विसावते ती जागा बहुतेक वेळा खरे सांगते. एकदा सा मिळाला की तो गाणे सुरू असताना मनात धरून ठेवता आला पाहिजे, मध्ये कोणतीही कॉर्ड आली तरी. ही एकच गोष्ट जमायला काही आठवडे लागले तरी लागू द्यावेत, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

ज्यांना सरगम येते त्यांनी इथे तिचाच उपयोग करावा. सरगमचा सा कोणत्याही पट्टीवर बसतो, त्यामुळे स्वराचे नाव घेताच त्याचे षड्जाशी नाते आपोआप बोलले जाते. सी, डी, ई या नावांतून ते कळत नाही. अमेरिकेतील नॅशव्हिलच्या स्टुडिओंमधील वादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्ड्सना नावांऐवजी आकडे देऊन लिहायची रीत रूढ केली, तीही याच सोयीसाठी: गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. पुढे मी कॉर्डचा उल्लेख आकड्याने आणि स्वरांचा उल्लेख सरगमने करणार आहे. पहिली म्हणजे सा-ग-प, दुसरी रे-म-ध, तिसरी ग-प-नी, चौथी म-ध-सा, पाचवी प-नी-रे, सहावी ध-सा-ग आणि सातवी नी-रे-म. यांतील पहिली, चौथी आणि पाचवी मेजर. दुसरी, तिसरी आणि सहावी मायनर. सातवी डिमिनिश्ड, म्हणजे मायनरपेक्षाही आवळलेली, आणि लोकप्रिय गाण्यांत ती क्वचितच भेटते.

दुसरे काम बास, म्हणजे सर्वांत खालचे स्वर, ऐकण्याचे. नवशिक्याचा कान गायकाच्या आवाजाकडे आणि गिटारच्या झंकाराकडे ओढला जातो, तर प्रोग्रेशनची खरी बातमी खाली असते. लोकप्रिय संगीतात बासवादक नवी कॉर्ड सुरू होताना पहिल्या मात्रेवर बहुधा तिचा मूळ स्वरच (वरच्या यादीत तिचा पहिला दिलेला स्वर) वाजवतो. नंतरच्या मात्रांवर तो हवी तेवढी नक्षी काढो, तिच्याकडे सुरुवातीला दुर्लक्ष करावे. केवळ पहिल्या मात्रेवरचा स्वर पकडून तो आपल्या सप्तकात गायचा आणि सरगममध्ये त्याचे नाव घ्यायचे. ‘सा, प, ध, म’ असे चार स्वर मिळाले की पहिली, पाचवी, सहावी, चौथी हे आजच्या असंख्य गाण्यांत फिरणारे प्रोग्रेशन तुम्ही लिहिलेलेच असते. ‘सा, ध, म, प’ हे त्याचे जुने भावंड. ‘रे, प, सा’ ही जॅझमधील सर्वांत ओळखीची वाट.

बास ऐकू येत नाही ही तक्रार पुष्कळदा कानाची नसून यंत्राची असते. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली, आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर इतकी खालची कंपने वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे अंश, आणि मेंदू त्यावरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो. हेडफोन वापरा. तरीही धूसर वाटले तर गाण्याचा वेग तोच ठेवून स्वर एक सप्तक वर सरकवणारे कोणतेही सॉफ्टवेअर घ्या. गाणे हास्यास्पद वाटेल, पण बास नेमका त्या पट्ट्यात येतो जिथे कान सर्वांत सहज काम करतो. गाण्याचा वेग कमी करण्याची अनेकांना सवय असते. त्याचा उपयोग जलद सोलो उतरवताना होतो. हार्मनी, म्हणजे कॉर्ड्सची रचना, ओळखताना मात्र वेग कमी केल्याने एका कॉर्डकडून दुसरीकडे जाण्याची ओढच विरून जाते, म्हणून मी ते टाळतो.

सुरुवातीच्या सरावासाठी योहान पाखेलबेल याचा डी मेजरमधील कॅनन हा नमुना चांगला आहे. त्याचा आठ स्वरांचा बास आरंभी एकटाच ऐकू येतो आणि शेवटपर्यंत न बदलता फिरत राहतो: सा, प, ध, ग, म, सा, म, प. वर व्हायोलिनची कितीही गुंफण चालू असली तरी हा बास सरगममध्ये गात राहायचे. तो न अडखळता गाता आला की वरच्या आवाजांकडे लक्ष न देता खालचा धागा धरून ठेवण्याची ताकद आली असे समजावे.

आता तिसरे काम, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचे. बास अस्पष्ट असेल किंवा त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही याची शंका असेल, तर धरून ठेवलेल्या स्वराची कसोटी लावा. गाणे चालू ठेवून प्रत्येक कॉर्डवर सा गा. पहिली, चौथी आणि सहावी या तीनच कॉर्ड्समध्ये सा आहे. तिथे तो विरघळून जाईल. बाकीच्यांवर तो घासेल. मग तोच भाग पुन्हा लावून प गा: तो पहिली, तिसरी आणि पाचवीत बसतो. दोन्ही बसले तर कॉर्ड पहिली. सा बसला पण प बसला नाही तर चौथी किंवा सहावी. प बसला पण सा बसला नाही तर पाचवी किंवा तिसरी. दोन्ही बसले नाहीत तर बहुधा दुसरी. उरलेल्या जोड्या ग गाऊन सुटतात, कारण सहावीत आणि तिसरीत ग आहे, चौथीत आणि पाचवीत नाही. अशा रीतीने तीन स्वर गाऊन साध्या मेजर पट्टीतील जवळजवळ सगळे काम होते, आणि यात मेजर की मायनर हा प्रश्न एकदाही विचारावा लागत नाही.

घासण्याचेही प्रकार असतात आणि ते हळूहळू ओळखीचे होतात. पाचवीवर सा धरला तर तो खाली नीकडे उतरायला बघतो. तिसरीवर धरला तर त्याची नीशी थेट अर्ध्या स्वराची टक्कर होते आणि ते कानाला बोचते. दुसरीवर तो फारसा बोचत नाही, फक्त कॉर्डला एक मऊ, किंचित धूसर रंग येतो, कारण रे-म-ध वर सा म्हणजे त्या कॉर्डचा सातवा स्वर झाला. या मऊपणामुळेच दुसरी आणि चौथी यांत सर्वाधिक गफलत होते. दोघींत म आणि ध सामाईक आहेत. त्यांत रे आणि सा दोन्ही मिसळले तर दुसरीची सेव्हन्थ (सातवा स्वर जोडलेली) आणि चौथीची सिक्स्थ (सहावा स्वर जोडलेली) या दोन्ही कॉर्ड्सचे स्वर अक्षरशः सारखे होतात, म्हणजे रे, म, ध आणि सा. तिथे निवाडा केवळ बासचा: खाली रे असेल तर दुसरी म्हणावे, म असेल तर चौथी.

सुट्या जागा ओळखू येऊ लागल्या की जोड्यांकडे वळा, कारण अनुभवी कान एकेक कॉर्ड मोजत नाही, तो हालचाली ओळखतो. पाचवीकडून पहिलीकडे आणि चौथीकडून पहिलीकडे, या दोन परतीच्या वाटांतील फरक नीट पाहा. पाचवीत सा नसतो. नी अर्धा स्वर चढून सा होतो, त्यामुळे सा नव्याने मिळाल्याचा अनुभव येतो. पाचवीला सेव्हन्थ जोडली तर त्यात म येतो, तो अर्धा स्वर उतरून ग होतो, आणि नी व म यांच्यातील ताण दोन्ही बाजूंनी एकदम सुटतो. चौथीत मात्र सा आधीपासूनच असतो. तो जागचा हलत नाही. ध उतरून प होतो, म उतरून ग होतो आणि कॉर्ड हळूच खाली बसते. म्हणून परतीच्या क्षणी स्वतःला एवढेच विचारावे की सा आत्ता आला की आधीपासून होता. तिसरी जोडी पाचवीकडून सहावीकडे जाणारी: कान सा ची अपेक्षा करतो, वरच्या स्वरांत तो मिळतोही, पण बास सा वर न जाता प वरून एकच पायरी चढून ध वर येतो. ही हुलकावणी एकदा ओळखीची झाली की पुन्हा चुकत नाही.

बासवर आंधळा विश्वास ठेवू नये असे वर सुचवले, त्याचे कारण इन्व्हर्जन. कॉर्डचा सर्वांत खालचा स्वर आणि तिचा मूळ स्वर वेगवेगळे असू शकतात. झाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ साली या विचारावर अख्खी हार्मनी उभी करून दाखवली. व्यवहारात तीन ठिकाणी सावध राहिले की पुरते. बासमध्ये नी आला तर ती सातवी कॉर्ड असण्यापेक्षा नी खाली घेतलेली पाचवी असण्याची शक्यता खूप जास्त. ‘सा, नी, ध’ असा पायरी-पायरीने उतरणारा बास असेल तर मधली कॉर्ड जवळजवळ नेहमी तीच. बासमध्ये ग आला तर सा गाऊन पाहा: बसला तर ती पहिली आहे, घासला आणि नी बसला तर तिसरी. आणि ओळीच्या अखेरीस बास प वर स्थिर असूनही वर सा आणि ग ऐकू येत असतील, तर ती प खाली घेतलेली पहिली आहे; पुढच्याच मात्रांवर सा उतरून नी आणि ग उतरून रे झाले की खरी पाचवी समोर येते.

पट्टीबाहेरच्या कॉर्ड्स अवघड वाटतात, पण एका अर्थाने त्या पट्टीतल्या कॉर्ड्सपेक्षा सोप्या आहेत, कारण त्यांत एक उपरा स्वर असतो आणि तो लपत नाही. तो स्वर कोणता आणि तो कुठल्या दिशेने गेला, एवढेच पाहायचे. तीव्र म ऐकू येऊन तो प वर चढला तर दुसरी कॉर्ड मेजर झाली आहे आणि ती पाचवीकडे निघाली आहे. पहिल्या कॉर्डमध्ये कोमल नी मिसळला आणि तो ध वर उतरला तर चौथी येणार. सर्वांत बोलके उदाहरण प आणि ध यांच्यामधल्या स्वराचे. सी च्या पट्टीत ती पियानोवर जी आणि ए यांच्यामधली काळी पट्टी. चौथी कॉर्ड मायनर झाली की हाच स्वर कोमल ध म्हणून येतो आणि प कडे उतरतो. चौथी मेजर, मग चौथी मायनर, मग पहिली असा क्रम असेल तर ध, कोमल ध, प अशी उतरण स्पष्ट गाता येते. पण तिसरी कॉर्ड मेजर झाली की तोच स्वर येतो आणि वर ध कडे चढतो, सहावीला बोलावतो. एकच पट्टी दाबली जाते, तरी एका ठिकाणी मन खचल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी काहीतरी ठरवून पाऊल उचलल्यासारखे. केवळ स्वर ओळखून भागत नाही, त्याची दिशा पाहावी लागते, हे इथे जितके उघड दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

ब्लूज ऐकताना एक इशारा. तिथे पहिली, चौथी आणि पाचवी या तिन्ही कॉर्ड्सना सेव्हन्थ लागलेली असते, त्यामुळे ‘सेव्हन्थ ऐकू आली म्हणजे पाचवी’ हे समीकरण कोसळते. बारा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) साचा मात्र सराव करायला उत्तम आहे: चार बार पहिली, दोन बार चौथी, दोन बार पहिली, मग एकेक बार पाचवी आणि चौथी, शेवटी दोन बार पहिली. तसेच रॉकमध्ये डिस्टॉर्शनने खरखरीत केलेल्या आवाजाच्या गिटारवर पुष्कळदा मेजर की मायनर हे ठरवणारा कॉर्डचा मधला स्वर वाजवतच नाहीत. तिथे मेजर-मायनर शोधत बसण्यात अर्थ नसतो. गायकाची चाल तो निर्णय करते.

मायनर गाण्यांत सा कुठे धरावा यावर बरेच वाद घातले जातात. ए मायनर, एफ, सी, जी असे चारच कॉर्ड्सचे चक्र न थांबता फिरत असेल तर ए ला सा मानावे की सी ला, याचा निर्णय गाणे स्वतः कधीकधी देतच नाही. मी तिथे चाल कुठे विसावते ते पाहतो, आणि तरीही स्पष्ट झाले नाही तर दोन्हींपैकी एक निवडून शेवटपर्यंत तेच ठेवतो. पाचवी कॉर्ड मेजर होऊन आली, म्हणजे ई मेजर आणि तिच्यातला जी शार्प ऐकू आला, तर ए हा सा आहे याचा मोठा पुरावा मिळाला असे समजावे, कारण तो शुद्ध नी सा कडे खेचतो. बास सा, कोमल नी, कोमल ध, प असा उतरत गेला आणि प वर मेजर कॉर्ड उभी राहिली, तर ते स्पॅनिश फ्लामेंको संगीतामुळे जगभर ओळखीचे झालेले प्रोग्रेशन आहे.

प्रत्यक्ष गाणे बसवायला घेताना मी वाद्य दूर ठेवून कागदावर आधी फक्त बार आखतो आणि कॉर्ड जिथे बदलते तिथे रेघ मारतो, नाव न देता. बदल कुठे होतो हे कळणे आणि बदलून काय आले हे कळणे या दोन गोष्टी एकाच वेळी करायला गेल्यास दोन्ही निसटतात. मग बासचे स्वर, मग शंका असेल तिथे सा, प आणि ग ची कसोटी, आणि सर्वांत शेवटी वाद्य. कॉर्ड्स ओळखणारी सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, पण आपले उत्तर कागदावर लिहून झाल्यानंतर, आणि तीही इन्व्हर्जन व उपऱ्या स्वरांच्या ठिकाणी हमखास अडखळतात हे लक्षात ठेवून. सुरुवातीला दोन किंवा तीन कॉर्ड्सची, कमी वाद्यांची गाणी घ्यावीत. एक अवघड गाणे महिनाभर धरून बसण्यापेक्षा अशी अनेक सोपी गाणी उतरवल्याने कान जास्त वेगाने तयार होतो.

एखादी जागा पुन्हापुन्हा ऐकूनही सुटत नसेल तर तिथे फक्त बासचा स्वर लिहावा आणि पुढे जावे. तोच साचा पुढच्या कडव्यात पुष्कळदा अधिक मोकळेपणाने वाजलेला सापडतो. आणि काही ठिकाणी सुटण्यासारखे काही नसतेही. गिटारवादक चौथी धरून बसलेला असतो आणि बासवादक त्याच मात्रेवर खाली रे वाजवतो. अशा वेळी चौथी लिहिली तरी बरोबर आणि दुसरीची सेव्हन्थ लिहिली तरी बरोबर, फक्त वाजवताना खालचा रे सुटता कामा नये.